मालिश कुठली घ्यावी? नाशिकमधले पर्याय शेजारी शेजारी ठेवून

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, निफाडचा पारा रोज पेपरच्या पहिल्या पानावर येत होता त्या आठवड्यात, आमचा गिझर बिघडला. गॅसवर तापवलेल्या पाण्याची बादली उचलायला वाकलो आणि पाठीत उसण भरली. सरळच होता येईना. पुढच्या दोन दिवसांत सल्ल्यांची रांग लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, पायाळू माणूस शोधा, त्याचा पाय लागला की उसण उतरते. दाजी म्हणाले, पंचकर्म कर, तेलाशिवाय वात जायचा नाही. सायकल चालवणारा भाचा म्हणाला, "मामा, डीप टिश्यू घे." आणि ज्याच्याकडे पंधरा वर्षं केस कापतोय त्याने खुर्ची फिरवून सांगितलं, "बसा साहेब, दोन मिनिटांत मोकळी करतो."

पायाळू काही सापडला नाही. इंदिरानगरच्या फ्लॅटांमध्ये तो सापडणं अवघडच. हल्ली पायाळू बाळं बहुतेक सिझरने येतात आणि कोण कसं जन्मलं हे आठ दिवसांनी कुणाला आठवत नाही. बाकीचे सल्ले मात्र पुढच्या काळात एकेक करून तपासले. काही माझ्या पाठीवर, काही आईच्या गुडघ्यांवर, काही दिंडोरीला द्राक्षबाग करणाऱ्या भावाच्या खांद्यांवर. मी डॉक्टर नाही, अंबडच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे नाहीत, हे मला नीट आठवतं.

दरपत्रकावरचं नाव पाहून मालिश निवडू नका, हा माझा या सगळ्यातून निघालेला हिशेब. दुखतं काय, हात कुणाचा आहे आणि तिथे किती वेळा जाणं जमेल, एवढं पाहा. याला आधारही आहे. २०११ मध्ये अमेरिकेत, सिॲटलच्या बाजूला, जुनी कंबरदुखी असलेल्या ४०१ जणांवर एक अभ्यास झाला. एका गटाला साधी, अंग सैल करणारी मालिश. दुसऱ्याला नेमका स्नायू शोधून काम करणारी, जास्त कसबाची समजली जाणारी मालिश. तिसऱ्याचे नेहमीचे औषधपाणी चालू. आठवड्याला एक अशा दहा मालिशींनंतर दोन्ही मालिशवाले गट तिसऱ्यापेक्षा बरेच बरे होते, पण एकमेकांच्या तुलनेत सांगण्यासारखा फरक नव्हता. फायदा सहा महिन्यांपर्यंत थोडाफार टिकला. म्हणजे सरळ कंबरदुखीसाठी साध्या मालिशीच्या दुप्पट पैसे मोजून 'स्पेशल' घेण्याचं कारण निदान या अभ्यासात तरी मिळत नाही.

तेल तेच, पेहराव तीन

तेलाची मालिश आपल्याकडे तीन ठिकाणी मिळते: घरी येणाऱ्या बाईंकडून किंवा मालिशवाल्याकडून, आयुर्वेदाच्या दवाखान्यात अभ्यंग म्हणून, आणि गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या स्पामध्ये स्वीडिश म्हणून.

अभ्यंगात तेल भरपूर आणि कोमट असतं, दाब हलका ते मध्यम. हातापायांवर हात लांब फिरतो, सांध्यांवर गोल. चांगल्या ठिकाणी लाकडी टेबलाच्या दोन बाजूंना दोघं उभे राहून एकाच लयीत करतात. तेलात आपण निथळत असतो आणि पाऊण तासाने वाफेच्या पेटीत बसवतात, फक्त डोकं बाहेर. पहिल्यांदा बसलो तेव्हा मला मोदकपात्र आठवलं. वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंग रोज करावा, आणि डोकं, कान, तळपाय यांना विसरू नये असं सांगून ठेवलंय. त्याच ठिकाणी, अजीर्ण झालेल्याने आणि कफ वाढलेल्याने तो करू नये, असंही आहे. ही दुसरी ओळ जाहिरातीत कधी दिसत नाही. आपण तर रोजचं सोडाच, दिवाळीच्या पहाटे उटणं लावून वर्षाचा कोटा पूर्ण करतो.

याचा खरा उपयोग मला तीन गोष्टींना दिसला. नाशिकच्या थंडीत भेगाळणारी कोरडी कातडी, सकाळचा ताठरपणा आणि झोप. कंबरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल धरून ठेवतात ती कटीबस्ती मला आवडली, कारण अर्धा तास कंबर शेकली जाते आणि हलायची परवानगी नसते. शिरोधारा ही मालिश नव्हेच, कपाळावर तेलाची धार असते. ज्याचं डोकं रात्री अकरालाही ऑफिसातच असतं त्याला ती मानवते. उद्वर्तन, म्हणजे कोरड्या चूर्णाने अंग घासणं, 'वजन घटवण्यासाठी' म्हणून खपवलं जातं. कातडी छान होते, पण पोट जिथे होतं तिथेच राहतं.

स्वीडिश म्हणजे स्वीडनची, एवढंच आपण धरून चालतो. १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामसंस्था काढणाऱ्या पेर हेन्रिक लिंग यांच्या नावावर ती चालते. पण आज टेबलावर हाताचे जे प्रकार होतात, लांब फिरवणं, मळणं, घासणं, थापट्या, ते योहान मेट्झगर नावाच्या डच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात नीट लावून दिले आणि त्यांना फ्रेंच नावंही दिली. अभ्यंगाशी तुलना केली तर इथे तेल कमी आणि मळणं जास्त. खांद्याचा स्नायू कणीक तिंबल्यासारखा तिंबतात. अभ्यंगानंतर अंग जड होऊन झोप येते. स्वीडिशनंतर मला हलकं वाटलं आणि घरी येताना द्वारका सर्कलच्या वाहतुकीतही राग आला नाही, ही माझ्या बाबतीत मोठी गोष्ट.

आता घरी येणाऱ्या बाई. पंचवटीत आईकडे रविवारी सकाळी एक मालिशवाल्या मावशी येतात. बाळ-बाळंतिणींच्या मालिशीत त्यांचं आयुष्य गेलंय. टेबल नाही, संगीत नाही, जुन्या चादरीवर पाट. तेल लाकडी घाण्याचं तिळाचं, उन्हाळ्यात खोबरेल. आईचे दोन्ही गुडघे झिजलेले. अशा गुडघ्यांवरही अमेरिकेत १२५ जणांवर अभ्यास झालाय, २०१२ चा: आठवड्याला एकदा तासभर स्वीडिश मालिश, आठ आठवडे, हे प्रमाण वेदना कमी करायला सोयीचं ठरलं. मावशींनी हा अभ्यास अर्थातच वाचलेला नाही, पण त्याही आठवड्यातून एकदा आणि तासभरच करतात. झिजलेली कूर्चा भरून येत नाही, हे आईलाही माहीत आहे. पण सोमवारी ती काळाराम मंदिरापर्यंत न थांबता जाते, शनिवारपर्यंत पुन्हा ताठरते.

खर्चाचं सांगायचं तर मावशींचे महिन्याचे चार रविवार आणि स्पामधला एक तास, आम्हाला जवळपास सारखेच पडले. आयुर्वेदाचा एका वेळचा अभ्यंग मावशींच्या एका रविवारच्या आणि स्पाच्या तासाच्या मधला, पण तो सात किंवा चौदा दिवसांचं पॅकेज म्हणून गळ्यात मारला की सगळ्यात महाग. पहिल्याच भेटीत पॅकेजचे पैसे मागणाऱ्याकडून मी निघून येतो. नाशिकला आयुर्वेदाची जुनी परंपरा आहे. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे, गल्लोगल्ली बीएएमएस वैद्य आहेत. वैद्याने नाडी, पोट, रक्तदाब पाहून मग तेल ठरवलं तर तो अभ्यंग. रिसेप्शनवरच्या मुलीने लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे केलं तर ती तेलाची मालिश, एवढाच फरक समजा.

बाळंतिणीसाठी एकच वाक्य: सिझर झालं असेल तर पोटाला हात लावण्याआधी आणि शेगडीवर झोपवण्याआधी डॉक्टरांना विचारा, आजी कितीही रागावल्या तरी.

रगडून घेणारे

डीप टिश्यूचं आकर्षण मला कळतं. आपल्या मनात कुठेतरी पक्कं बसलंय की दुखल्याशिवाय गुण येत नाही. यात तेल नावापुरतं, गती अगदी संथ, आणि अंगठा, मूठ किंवा कोपर एकाच जागी रुतवून स्नायूचे आतले थर आणि त्यांच्यावरचं पातळ आवरण ढिलं करायचं. चांगला हात असेल तर दाब हळूहळू वाढतो. श्वास रोखला जायला लागला की तो हात थांबतो.

मी उसण भरल्याच्या तिसऱ्या दिवशी एका स्पामध्ये गेलो. ताजी दुखापत आहे हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मुलगा धडधाकट होता, त्याने कोपराने पाठ अक्षरशः नांगरली. मी दात आवळून पडून राहिलो, कारण पैसे भरले होते. दुसऱ्या दिवशी पाठीवर जांभळे डाग आणि उसण होती त्याच्या दुप्पट. "विषारी द्रव्यं बाहेर पडतायत," असं फोनवर सांगण्यात आलं. डाग म्हणजे मुका मार, कातडीखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या. विषाचा त्यात काही संबंध नाही. क्वचित, फारच जोरकस मालिशीने स्नायू इतका दुखावतो की त्यातले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येतो. मालिशीनंतर लघवी चहासारखी गडद झाली तर स्पाला नव्हे, दवाखान्याला फोन करायचा. नुसती उसण, पायात कळ किंवा बधिरपणा नसलेली, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. पहिले दोन-तीन दिवस शेक, जमेल तेवढं चालणं आणि फार तर हलका हात. पायाळूचा गुण येतो तो मला वाटतं याचमुळे: तो सापडेपर्यंत चार दिवस गेलेले असतात.

जुन्या, गाठाळलेल्या दुखण्यावर मात्र डीप टिश्यू उपयोगी पडताना पाहिलं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पुढचे दोन महिने मंडपाखाली उभं राहून, हात डोक्याच्या वर धरून विरळणी करायची असते, म्हणजे घडांतले जादा मणी काढायचे. भावाच्या दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये चिंचोक्याएवढ्या गाठी हाताला लागायच्या. तीन मालिशींत त्या मऊ झाल्या, मान वळायला लागली. पुढच्या हंगामात गाठी पुन्हा हजर. त्याचं खरं उत्तर पुढे येतं.

स्पोर्ट्स मसाज ही याचीच बहीण, पण खेळाच्या वेळापत्रकाला बांधलेली. स्पर्धेआधी हलकी आणि चटपट, नंतर संथ. भाचा पहाटे त्र्यंबक रस्त्याने सायकल मारतो, कधी कसारा घाट उतरून पुन्हा चढतो. त्याचं ठाम मत, मेहनतीने स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक ॲसिड मालिशीने निघून जातं. ते तासाभरात शरीर स्वतःच संपवतं, मालिशवाला टॉवेल अंथरेपर्यंत उरलेलं नसतं. आपण तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करून येतो आणि मंगळवारपेक्षा बुधवारी जिना उतरताना जास्त ओरडतो, तेव्हा दुखतं ते स्नायूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांमुळे आणि त्यांच्या दुरुस्तीमुळे. २०१२ मध्ये कॅनडात ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटं मालिश केली आणि दोन्ही पायांच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. मालिश केलेल्या पायात दाह सुरू करणारे संकेत कमी होते. लॅक्टिक ॲसिडमध्ये फरक नव्हता. अकराच जण होते, त्यामुळे फार ताणू नये. पण २०२० मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हाही साधारण तेच निघालं: वेग, ताकद, उडी यांत मालिशीने वाढ दिसत नाही, नंतरचं दुखणं आणि ताठरपणा थोडा कमी होतो. भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, दुखणं थोडं कमी झालं तरी सोमवारी ऑफिसला जाता येतं ना. मला पटलं.

कपडे न काढता

थाई मालिश मला सगळ्यात अनपेक्षितपणे आवडली. टेबल नाही, तेल नाही, सैल सुती कपडे देतात, जमिनीवरच्या गादीवर झोपायचं. मग समोरचा माणूस तळहाताने, गुडघ्याने, पायाने दाबत दाबत आपले हातपाय ओढतो, वळवतो. कुणी दुसऱ्यानेच आपल्याकडून योगासनं करून घ्यावीत तसं. बँकॉकचं वाट फो मंदिर हे तिचं माहेर. २०१९ मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. थाई परंपरा तिचा मूळपुरुष म्हणून बुद्धाचे वैद्य जीवक यांचं नाव घेते. पांडवलेण्यांच्या, म्हणजे बौद्ध लेण्यांच्या, गावात राहणाऱ्याला ते ऐकायला बरं वाटतं.

स्वीडिश आणि थाई यांत निवडायचं तर असं बघा. दुखणं एका जागी असेल, कातडी कोरडी असेल, नुसतं पडून राहायचं असेल तर स्वीडिश. दिवसभर बसून मांड्यांचे मागचे स्नायू आणि खुबे आखडले असतील तर थाई. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई करणाऱ्या माझ्या मित्राला तिचाच गुण आला. आणि अनोळखी माणसासमोर कपडे काढायचा संकोच असेल, जो आपल्याकडे बहुतेकांना असतो आणि कुणी बोलत नाही, तर थाई हा सरळ मार्ग आहे. पण हाडं ठिसूळ झालेली, गुडघा किंवा खुबा बदललेला, मणक्याची गादी सरकलेली असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. आईला मी ती कधी घेऊ देणार नाही.

शियात्सु ही जपानी, तीही कपड्यांवरून, पण ओढाताण जवळजवळ नाही, अंगठ्यांचा दाब ठरावीक बिंदूंवर. शिकलेला हात इकडे विरळाच भेटतो, पाटीवर नाव असलं तरी. थाई मिळत असेल तर हिच्यासाठी शोधाशोध करू नये.

तळपाय, काशाची वाटी आणि ते काळं

लहानपणी डोळे आले, ताप उतरला नाही, झोप लागली नाही, की आजी काशाची वाटी काढायची. तळपायाला तूप लावायचं आणि वाटीच्या बुडाने गोल गोल घासायचं. आता त्याचं यंत्र झालंय. प्रदर्शनात, मॉलमध्ये दोन फिरत्या थाळ्यांवर पाय ठेवून लोक मोबाईल बघत बसतात आणि वीस मिनिटांनी काळे झालेले तळवे दाखवतात: "बघा किती उष्णता निघाली!"

ते काळं पायातून येत नाही. कासं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. तेल-तूप, घाम आणि घर्षण एकत्र आलं की धातूचा अतिसूक्ष्म कीस तेलात मिसळून काळं पडतं. खात्री करायची असेल तर भांडी बाजारातून आणलेली वाटी तेल लावून चामड्यावर घासा, तेही काळं होईल. चामड्याला उष्णतेचा त्रास नसतो. पण म्हणून वाटी टाकून देऊ नका. झोपण्याआधी पंधरा मिनिटं तळपाय घासून घेण्यात जे सुख आहे ते खरं आहे, आणि वाटी एकदा घेतली की पिढ्यान्‌पिढ्या फुकट. या आढाव्यातला सगळ्यात स्वस्त पर्याय हाच. यंत्रापेक्षा नातवंडांच्या हातातली वाटी बरी, नातवंडं दाब विचारून घासतात.

रिफ्लेक्सॉलॉजी या नावाखाली जे विकतात त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक, पायाची छान मालिश. दुसरी, तळपायावर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड यांचा नकाशा असतो आणि तिथे दाबून रोग कळतो, ही कल्पना. हा नकाशा प्राचीन वगैरे नाही, तो विसाव्या शतकातल्या अमेरिकेत तयार झाला. पहिल्या गोष्टीसाठी जरूर जा. दुसऱ्यासाठी जाऊन "तुमची किडनी वीक आहे" ऐकून घरी आलात तर रात्रीची झोप जाईल, म्हणजे पैसे देऊन उलटा त्रासच घेतलात. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांनी काठ्या, खडबडीत रोलर, ॲक्युप्रेशरच्या चपला टाळाव्यात. जखम झालेली कळत नाही.

सलूनमधली खुर्ची

चंपीबद्दल मी निःपक्ष राहू शकत नाही. इंग्रजांनी शॅम्पू हा शब्द आपल्या चांपण्यावरूनच नेला. पाटण्याच्या शेख दीन महंमदाने एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ब्रायटनला स्नानगृह काढून राजाला मालिश केली, तेव्हा तिकडे शॅम्पूचा अर्थ मालिश असाच होता, केस धुणं नंतर आलं. डोक्याला तेल, कपाळ, भुवया, मानेची मुळं, दहा मिनिटं. ताणाने धरणाऱ्या डोकेदुखीवर मला याइतकं स्वस्त आणि जवळचं काही सापडलं नाही.

पण चंपी संपता संपता तो हनुवटी आणि डोकं धरून कट्कन मान मोडतो, तिथे त्याचा हात धरा. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. अशा झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटून गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, अगदी तरुण माणसालाही. हे क्वचित होतं. पण मान मोडून मिळतं काय, तर एक आवाज. माझ्या न्हाव्याला हे सांगितलं तेव्हा तो दुखावला, पंधरा वर्षांत एकालाही काही झालं नाही म्हणाला. आता तो माझी मान मोडत नाही, त्याऐवजी खांद्यावर दोन जास्तीच्या थापट्या देतो, जराशा रागानेच.

फिजिओथेरपिस्टचा हात

भावाच्या खांद्याचं उत्तर इथे मिळालं. फिजिओथेरपिस्टने आधी पाऊण तास नुसतं तपासलं, हात किती वर जातो, कुठे अडकतो, काम कसं करतो. मग दहा मिनिटं गाठींवर अंगठ्याने दाब, आणि उरलेला वेळ रबरी पट्ट्याचे व्यायाम. घरी रोज करायला लावले. शिवाय एक सूचना, जी कुठल्याही मालिशवाल्याने दिली नव्हती: विरळणी करताना पायाखाली हातभर उंच पाट घे, म्हणजे हात डोक्याच्या वर धरावा लागणार नाही. गेल्या हंगामात त्याने तेच केलं, बागेतल्या बायकांनाही पाट करून दिले. गाठी आल्या, पण चिंचोक्याएवढ्या नाहीत, मटाराएवढ्या.

मालिशीच्या मानाने हे रुक्ष. ना सुगंध, ना अंधार, आणि घरी मेहनत आपणच करायची. सुखासाठी जायची ही जागा नव्हे. पण दुखणं परत परत त्याच जागी येत असेल, हात-पायात मुंग्या असतील, मधुमेह्याचा खांदा आखडून हात वर जात नसेल, तर स्पाच्या चार फेऱ्यांऐवजी इथे एक. पदवी बीपीटीएच आहे का आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का, एवढं विचारायला लाजू नये. ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी राज्यभर चालते ते आपल्या म्हसरूळलाच आहे.

माझी स्वतःची मान कॉम्प्युटरने धरलेली. तिच्यावर मी आधी अर्ध्या अर्ध्या तासाच्या मालिशी घेत होतो, महिन्यातून एक. २०१४ मध्ये मानदुखीच्या २२८ जणांवर झालेल्या अभ्यासात अर्ध्या तासाच्या मालिशीचा फारसा उपयोग दिसला नाही, तासाभराची आठवड्यातून दोन-तीनदा घेणाऱ्यांना सगळ्यात जास्त गुण आला. म्हणजे मी दीड वर्ष नेमका निरुपयोगी हप्ता भरत होतो. आता मान फारच धरली तर लागोपाठ दोन आठवडे तासाभराच्या चार घेतो, मग महिनोन्‌महिने घेत नाही. पैसे तेवढेच लागतात.

नाही म्हणणारा हात

कुठेही जा, टेबलावर झोपण्याआधी त्यांनी तुम्हाला काही विचारलं का ते बघा. ताप, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, नुकतीच शस्त्रक्रिया, गर्भारपण, कातडीचा संसर्ग, व्हेरिकोज शिरा, कर्करोगाचे उपचार. यांतलं काही असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, किंवा त्या भागाला नको. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर मालिश हा विषयच नाही, थेट रुग्णालय.

मागच्या मार्गशीर्षात आई महिला मंडळाबरोबर पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर अशी तीन दिवसांची बसयात्रा करून आली. रविवारी मावशी आल्या, चादर अंथरली, वाटी कोमट केली. डावी पोटरी हातात घेतली आणि सोडून दिली. एकच पाय सुजलेला, गरम, दाबला की दुखणारा. आई म्हणत होती, बसून बसून भरलाय, जोराने चोळ म्हणजे उतरेल. मावशींनी तेलाची वाटी परत ओट्यावर ठेवली आणि मला फोन केला. "दादा, याला मी हात लावणार नाही. आधी दाखवून या."

डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केल्यावर पोटरीच्या खोल शिरेत गुठळी निघाली. चोळली असती तर सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका होता, असं डॉक्टर म्हणाले. साडेतीन महिने गोळ्या झाल्या. त्या काळात मावशी रविवारी यायच्या, चहा घ्यायच्या, आईच्या फक्त तळहातांना तेल लावायच्या आणि पैसे घ्यायला नाही म्हणायच्या. आम्ही पातेल्याखाली ठेवून द्यायचो. गोळ्या बंद झाल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी चालेल म्हटलं, आणि पुढच्या रविवारी आठ वाजता पाट पुन्हा चादरीवर आला.